यादीतलं कार्ड, डोंगल की बायोसला हात?

दहा-बारा वर्षांपूर्वी ऑफिसांसाठी बनलेले लॅपटॉप अजून दणकट आहेत. एसएसडी टाकली, रॅम आठ जीबी केली, लिनक्स मिंट बसवलं की घरकामाला आणि शिकवण्याला पुरून उरतात. कीबोर्ड तर आजच्या पातळ मशिनांना लाजवील असा. घोडं अडतं ते वायफायपाशी. किंमत खाली ठेवायला त्या काळी बऱ्याच मशिनांत फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं, १५० एमबीपीएसचं साधं कार्ड घातलेलं असायचं. ते काही मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेलं नाही. मिनी पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये एखाद-दोन स्क्रूवर बसलेलं आहे, म्हणजे बदलायला चहा निवायच्या आत होईल एवढं काम. पण काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर दुसरं कार्ड लावून बटण दाबलं की ना विंडोज येतं ना लिनक्स, नुसती एक ओळ येते. लिनोव्होच्या थिंकपॅडवर ती १८०२ क्रमांकाची: अनधिकृत नेटवर्क कार्ड लावलं आहे, मशीन बंद करून ते काढा. एचपीवर १०४ क्रमांकाची, आणि तिच्यात 'सिस्टिम हॉल्टेड' हे दोन शब्द. पुढे काही होत नाही. कारण बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, कंपनीने मान्य कार्डांची यादी घालून ठेवलेली असते, आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की तो तिथेच अडतो.

अशा मशीनच्या मालकापुढे तीन रस्ते उरतात. कंपनीच्या यादीत बसणारं जुनं पण बरं कार्ड शोधायचं, वायफायचा यूएसबी डोंगल बाहेरून खोचायचा, किंवा बायोसमधून यादीच काढून टाकायची. या तिठ्यावर मी स्वतः बराच काळ उभा होतो, आणि हल्ली इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून जुना लॅपटॉप घेतलेलं कोणी ना कोणी मला हेच विचारत असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझी परिस्थिती आधी सांगतो, कारण उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. मशीन इंटेलच्या तिसऱ्या पिढीचं आय५ आहे. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. घर इंदूरच्या रामबागेत, जुन्या बांधणीचं, भिंती हातभर जाडीच्या. राउटर बाहेरच्या खोलीत आणि मी आतल्या. संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो. ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचं. आजूबाजूच्या घरांतून २.४ गिगाहर्ट्झवर एवढी नेटवर्कं दिसतात की यादी खाली सरकवत बसावं लागतं. त्यात मी कानाला ब्लूटूथ लावणार, आणि तेही २.४ वरच. फळ्यावर प्रमेय अर्धं झालं की आवाज तुटायचा. ५ गिगाहर्ट्झवर जाणं मला भागच होतं.

यादीची गोम

चालू होताना बायोस स्लॉटमधल्या कार्डाचे क्रमांक वाचतो: चिप कोणाची, चिप कोणती, आणि कार्ड कोणासाठी बनलं. शेवटचा जो उप-क्रमांक आहे, तिथे खरी गोम आहे. इंटेलच्या कार्डावर पहिला क्रमांक ८०८६ असतो. तेच कार्ड लिनोव्होसाठी बनलं असेल तर उप-क्रमांक एक, एचपीसाठी बनलं असेल तर दुसराच. चिप तीच, ड्रायव्हर तोच, कार्ड हातात घेऊन बघितलं तर स्टिकरखेरीज काही फरक नाही. सोसायटीच्या गेटवर नाव-आडनाव बरोबर सांगूनही वॉचमनने 'पण तुम्ही कोणत्या फ्लॅटवाल्यांचे पाहुणे?' म्हणून परत पाठवावं, तसला प्रकार.

कंपन्या यासाठी अमेरिकेच्या एफसीसीकडे, म्हणजे रेडिओ उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, बोट दाखवतात. रेडिओ आणि अँटेना यांची जोडी तपासून मंजुरी मिळते, उद्या मालकाने भलतंच कार्ड लावलं तर ती मंजुरी लागू राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे अगदीच खोटं नाही. कार्डाची मंजुरी खरोखरच ठराविक प्रकारच्या आणि ठराविक गेनच्या अँटेनासाठी असते. आपल्याकडेही परवाना न लागणाऱ्या बँडमधल्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए नावाची मंजुरी लागते. पण त्याच कायद्याखाली डेलने वर्षानुवर्षं लॅटिट्यूड विकले, आणि माझ्या पाहण्यातल्या एकाही लॅटिट्यूडने परकं कार्ड बघून हूं की चूं केलेलं नाही. शिवाय ज्या मशीनला स्लॉटमधलं परकं कार्ड चालत नाही, त्याच मशीनच्या यूएसबीमध्ये कुठलाही डोंगल खोचा. तोही रेडिओच आहे, पण त्याला कोणी काही विचारत नाही. लिनोव्होने पुढच्या पिढ्यांच्या थिंकपॅडमधून ही यादी काढून टाकली. एफसीसी काही मधल्या काळात बंद पडली नव्हती. आता ज्याने जे समजायचं ते समजावं.

डोंगल

डोंगलबद्दल वाईट लिहायचं माझ्या जिवावर येतं, कारण कागदावर तो तिघांत सर्वांत शहाणा पर्याय आहे. स्क्रू खोलायचा नाही, क्रमांक जुळवायचे नाहीत, उद्या लॅपटॉप बदलला तर डोंगल नव्या मशीनला लागतो. वेग यादीतल्या जुन्या कार्डापेक्षा निर्विवाद जास्त, कारण डोंगल वायफायच्या ८०२.११एसी पिढीचा आणि कार्ड तिच्या आधीच्या एन पिढीचं. आमच्यासारख्या जाड भिंतींच्या घरात त्याचा आणखी एक फायदा आहे जो जाहिरातीत कोणी सांगत नाही. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल दाराच्या चौकटीवर टांगता येतो. लॅपटॉपच्या पडद्यात बसवलेली अँटेना तशी दारापर्यंत चालत जात नाही. सिग्नलच्या बाबतीत डोंगलने मला जे दिलं ते आतल्या कार्डाने आजही दिलेलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

लिनक्सवाल्यांनी मात्र डोंगल घेताना डब्यावरचं नाव न बघता आतली चिप बघावी. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू आणि एमटी७९२१एयू या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहेत, लावला की चालतो. रिअलटेकच्या ८८२२बीयूसारख्या चिपांना कर्नल ६.२ पासून आतला आधार मिळाला. त्याआधी बाहेरून ड्रायव्हर आणून बांधावा लागायचा, आणि दर कर्नल अपडेटला तो पुन्हा बांधायचा. काही डोंगल तर लावल्यावर आधी सीडी असल्याची बतावणी करतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटात असतो. जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये चिप विचारली तर दुकानदार तुमच्याकडे अशा नजरेने बघतो की तुम्ही पोह्यावरच्या जिरावन मसाल्याचा फॉर्म्युला मागितलाय. तेव्हा ही चौकशी घरूनच करून जा.

एक छोटी तक्रार आधी उरकतो. निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये डोंगल लावला की शेजारच्या पोर्टमधला बिनतारी माउस अडखळायला लागला. कर्सर एका ठिकाणी थांबायचा आणि मग उडी मारून पुढे जायचा. हा भास नव्हे. यूएसबी ३.० ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते, आणि याच विषयावर इंटेलने स्वतः २०१२ साली निबंध काढला आहे. डोंगल काळ्या २.० पोर्टमध्ये हलवला, प्रश्न मिटला. १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडला तेवढा पोर्ट पुरतो.

जे मिटलं नाही ते झाकणाचं. दोन बॅचच्या मधे मी लॅपटॉपचं झाकण लावतो, उठून पाणी पितो, ओट्यावर काही लागलं तर ते बघतो, आणि परत येऊन झाकण उघडतो. मशीन तत्काळ जागं होतं. डोंगलचा दिवाही लागतो. पण नेटवर्कची यादी रिकामी. कधी मिनिटभराने भरते, कधी भरतच नाही. मग डोंगल उपटायचा, दम खायचा, परत खोचायचा, ओळखीचा 'टुंग' आवाज ऐकायचा, नेटवर्क येईपर्यंत पडद्याकडे बघत बसायचं. तोवर फोनवर मुलांचे मेसेज सुरू झालेले असतात: 'सर, आप हो क्या?', 'सर, लिंक खुल नहीं रही', आणि एखादा मराठी घरातला, 'सर, आज क्लास आहे ना?'

मी हातपाय गाळून बसलो असं नाही. विंडोज होतं तेव्हा यूएसबीची वीज वाचवण्याची सेटिंग बंद करून पाहिली. मिंट आल्यावर यूएसबीला आपोआप झोपवणारं ऑटोसस्पेंड बंद केलं, झाकण उघडलं की ड्रायव्हर काढून परत घालणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. फरक पडला. पण असा पडला की दहा वेळा चालायचं आणि अकराव्या वेळी, नेमकी परीक्षेआधीची उजळणी असताना, रुसायचं. नेहमी बिघडलं असतं तर मी झाकण लावणंच सोडलं असतं. कधी चालेल, कधी नाही, हे जे आहे ना, ते माणसाला पोखरतं. वर्गात पाय ठेवण्याआधी दरवाजा उघडेल की नाही याची शंका मनात घेऊन कोणी शिकवू शकत नाही. निदान मी नाही.

तुमच्याकडे असं होईलच असं नाही. माझ्या ओळखीत एकाच्या डेस्कटॉपवर तसलाच डोंगल बिनतक्रार चालतो. पण त्याचं मशीन झोपत नाही. सकाळी चालू होतं आणि रात्री बंद. लॅपटॉप टेबलावर कायम चालू ठेवत असाल तर माझी ही सगळी कैफियत तुम्ही सोडून द्या आणि डोंगल घ्या.

बायोसला हात

या बाबतीत मी साक्षीदार आहे, कर्ता नाही. माझा भाचा विजयनगरला राहतो, त्याच्याकडे थिंकपॅड एक्स२३० आहे, आणि या मॉडेलच्या नशिबाने त्याच्यामागे जगभरातले हौशी लोक उभे आहेत. एक्स२३०, टी४३० या पिढीसाठी '१वायरेन' (1vyrain) नावाचं साधन आहे. ते पेनड्राइव्हवरून चालवायचं, मशीन न खोलता ते बायोस बदलतं आणि यादी निघून जाते. अट एकच, बायोसची आवृत्ती पुरेशी जुनी हवी. मागच्या मालकाने अपडेट करून ठेवली असेल तर आधी ती खाली आणावी लागते. दुसरा, जास्त कडवा मार्ग कोअरबूटचा. त्यात कंपनीचा बायोस जाऊन त्याच्या जागी मुक्त फर्मवेअर येतं.

भाच्याने दुसरा मार्ग घेतला, कारण सोपं काम त्याला आवडत नाही. कीबोर्ड आणि पामरेस्ट काढल्यावर खाली दोन चिपा दिसतात, एक ८ एमबीची आणि एक ४ एमबीची. त्यांना आठ दातांची क्लिप लावायची, क्लिप सीएच३४१ए नावाच्या, चिपेतला मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या प्रोग्रामरला, प्रोग्रामर दुसऱ्या लॅपटॉपला. आधी जुना मजकूर दोनदा वाचून घ्यायचा, दोन्ही फायली अगदी सारख्या आल्या तरच पुढे जायचं. क्लिप केसभर सरकली तरी वाचन चुकतं. त्या प्रोग्रामरची जी स्वस्त काळी पट्टी मिळते ती डेटाच्या पिनांवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट देते अशी तिची ख्याती आहे, म्हणून त्याने ती आधी सुधारून घेतली. मी शेजारी टॉर्च धरून उभा. 'मामा, हात हलवू नका' एवढंच माझं योगदान.

झालं मात्र उत्तम. आता त्याच्या स्लॉटमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेसवर बसवलेलं इंटेलचं एएक्स२०० हे नवं कार्ड आहे. वायफाय ६, ब्लूटूथ ५, सगळं त्या जुन्या मशीनमध्ये. यादी नसलेल्या मशीनवर एवढी जुळवाजुळव करायची नसेल तर इंटेलचं ७२६०एचएमडब्ल्यू हे त्याच आकाराचं एसी पिढीचं कार्ड सरळ बसतं, अँटेनाच्या टोप्यासुद्धा त्याच लागतात. नव्या मशिनांतल्या एम.२ आकाराचं कार्ड अडॅप्टरवर लावाल तर या टोप्या लहान येतात आणि जुन्या वायरी बसत नाहीत, ते आधी बघा.

मग मी का नाही केलं? पहिलं कारण, माझ्या मॉडेलसाठी असं तयार, हजारोंनी वापरून पाहिलेलं साधन नाही. कोणीतरी कुठेतरी बदलून ठेवलेली बायोसची फाइल मिळते. ती ज्याने बदलली त्याचा हेतू चांगलाच असेल, असंही मी मानतो. पण मशीन जागं झाल्यावर सगळ्यात आधी जी आज्ञा चालते ती अनोळखी हाताने लिहिलेली असावी, आणि त्याच मशीनवर मी बँकेचा पासवर्ड टाकावा, हे मला पेललं नाही. दुसरं कारण जास्त साधं आहे. माझ्याकडे मशीन एकच आहे. मधेच वीज गेली किंवा क्लिप सरकली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलांना काय सांगू? भाच्याकडे जुने तीन लॅपटॉप पडलेले असतात, त्याला हा खेळ परवडतो. तुमच्याकडेही दुसरं मशीन असेल आणि पहिलं एक्स२३० किंवा टी४३० असेल, तर मी तुम्हाला अडवणार नाही. उलट टॉर्च धरायला येईन. फक्त त्यानंतर कंपनीचा बायोस अपडेट हौसेने चढवू नका, नाहीतर यादी परत येऊन बसेल.

जुन्या युक्त्या खूप सांगितल्या जातात. आयबीएमच्या काळातल्या थिंकपॅडवर सीमॉसमधला, म्हणजे बायोसच्या सेटिंगा साठवणाऱ्या मेमरीतला, एक बिट बदलला की बायोस कार्ड तपासायचाच विसरायचा, हे खरं आहे, पण ती युक्ती त्या पिढीबरोबर गेली. अथेरॉसच्या काही कार्डांच्या ईईप्रॉममधला, म्हणजे कार्डावरच्या छोट्या मेमरीतला, उप-क्रमांकच बदलून त्यांना यादीतलं नाव देणारे कलाकारही आहेत. आणि बायोसची तपासणी संपल्यावर चालू मशीनमध्ये कार्ड खोचायचं, असा एक सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नका. तो स्लॉट चालू विजेत घालण्या-काढण्यासाठी बनलेला नाही.

यादीतलं कार्ड

राहिला तो पर्याय ज्याचं कौतुक कोणी करत नाही. कंपनीने जी यादी केली, तिच्यातलंच सर्वांत बरं कार्ड शोधायचं. माझ्या पिढीच्या मशिनांच्या यादीत साधारणपणे इंटेलचं सेंट्रिनो अॅडव्हान्स्ड-एन ६२०५ असतं. दोन अँटेना, दोन्ही बँड, ३०० एमबीपीएस. तीन वायरी असलेल्या मशीनमध्ये ६३०० सुद्धा चालू शकतं, पण माझ्याकडे दोनच वायरी होत्या. तुमच्याकडे किती आहेत ते झाकण खोलून आधी मोजा. स्वस्त कॉन्फिगरेशनमध्ये एकच वायर ओढलेली असण्याची शक्यता असते, आणि तसं असेल तर दोन अँटेनांचं कार्ड घेऊन अर्धेच पैसे वसूल होतात.

शोध मात्र डोकं खातो. ६२०५ जुन्या बाजारात पैशाला पासरी आहे, पण उप-क्रमांक जुळणारं हवं. त्यासाठी कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्यायची. लिनोव्होच्या मॅन्युअलमध्ये त्याला एफआरयू क्रमांक म्हणतात, एचपीच्या मॅन्युअलमध्ये स्पेअर पार्ट क्रमांक. एचपीच्या मॅन्युअलमध्ये तर वायरलेस कार्डं देशांच्या गटांप्रमाणे वेगवेगळी दिलेली सापडतात. मॉडेलचं नाव एकच असलं तरी पिढीगणिक हे क्रमांक बदलतात. माझ्या मशीनचा क्रमांक मी चिठ्ठीवर लिहून घेतला आणि लॅपटॉपसकट आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेलो. एका दुकानात ड्रॉवरभर कार्डं होती. मालकाने वरचंच एक उचललं: 'सिक्स टू झिरो फाइव्ह है ना भिया? चल जाएगा.' मी म्हटलं, इथेच लावून बघू. लावलं, बटण दाबलं, काळा पडदा आणि ती ओळ. त्याला फार नवल वाटलं नाही. 'इसका भी दिमाग है' एवढं म्हणून त्याने पूर्ण ड्रॉवर माझ्यापुढे उलटा केला. स्टिकरवरचे बारीक आकडे वाचत बसलो, तसलंच एक निघालं, आणि ते लागताक्षणी मशीन मुकाट चालू झालं. पैसे इतके कमी पडले की डोंगलच्या किमतीत अशी तीन आली असती.

घरी आणल्यावर काय झालं ते सांगण्यासारखं काही नाही, आणि मला हवं होतं ते नेमकं हेच. झाकण लावतो, झाकण उघडतो, नेटवर्क असतं. पासवर्ड टाकेपर्यंत जोडलेलंही असतं. ब्लूटूथचा आवाज आता तुटत नाही, कारण वायफाय ५ गिगाहर्ट्झवर गेलं आणि २.४ कानांसाठी मोकळं राहिलं. वेगाचे आकडे मी मोजत बसलो नाही. पडदा शेअर करतो, मुलांना प्रमेय दिसतं, तिकडून कोणी 'सर, अटक रहा है' म्हणत नाही. माझं मोजमाप तेवढंच. आतल्या खोलीच्या पार टोकाला, कपाटाजवळ बसलं तर मात्र सिग्नल पातळ होतो, आणि तिथे चौकटीवर टांगलेल्या डोंगलची आठवण येते हे कबूल.

त्याचे तोटे लपवत नाही. ६२०५ मध्ये ब्लूटूथ नाही. माझ्या मशीनमध्ये ते वेगळ्या मोड्यूलवर आहे म्हणून निभावलं, तुमच्यात मूळ कार्डावरच असेल तर नवं लावताना ते गमवाल. राउटर निव्वळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल तर इतकं जुनं कार्ड अडू शकतं. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील अशी मिश्र सेटिंग ठेवा. आणि चॅनेलचं बघा. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा विनापरवाना आहे, त्यामुळे राउटर कित्येकदा आपणहून १४९ किंवा त्यापुढचा चॅनेल धरतो. युरोपसाठी बनलेल्या काही जुन्या कार्डांना तो भाग दिसतच नाही. कार्ड लावलं आणि ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क गायब असेल तर कार्डाला दोष देण्याआधी राउटरमध्ये चॅनेल ३६ करून बघा.

मनाला एक टोचणी आहे. यादीतलं कार्ड घेणं म्हणजे यादी मान्य करणं. भाचा मला तेच सुनावतो: 'मामा, तुम्ही त्यांच्याच दारातून आत गेलात.' खरं आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मशीनमध्ये काय लावायचं हे मशीन बनवणाऱ्याने ठरवावं, हे मला आजही पटत नाही, आणि याबद्दल कोणी बोलायला बसलं तर मी भाच्याच्याच बाजूने बोलतो. पण कार्ड शोधण्याचा मनस्ताप एकदाचा होता. डोंगलचा रोजचा होता. बायोसचा झाला असता की नाही माहीत नाही, पण झाला असता तर एका संध्याकाळी सगळाच झाला असता.

अजून मशीन घ्यायचंच असेल तर

मग हा सगळा घोळ टाळता येतो. जुन्यात डेलचे लॅटिट्यूड बघा, किंवा यादी काढल्यानंतरच्या पिढ्यांचे थिंकपॅड. दुकानातच एखादं परकं कार्ड लावून दाखवा म्हणा, न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिसऱ्या-चौथ्या पिढीची मशिनं अधिकृतपणे ११ वर जात नाहीत, म्हणून त्यांचे भाव घसरलेत आणि दुकानदार जोरात आहेत. लिनक्स चालवणार असाल तर घासाघीस करायला याहून बरी वेळ नाही.

नव्या मशिनांत ही यादी मला क्वचित दिसते, पण म्हणून सगळं मोकळं आहे असं समजू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये वायफायची चिप आता मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. तिथे यादी लागतच नाही, कारण काढायलाच काही नसतं. जिथे स्लॉट आहे तिथे इंटेलच्या एएक्स२०१ आणि एएक्स२११ पासून जपून. ही अर्धी कार्डं आहेत, उरलेला अर्धा भाग इंटेलच्याच प्लॅटफॉर्ममध्ये असतो. एएमडीच्या मशीनमध्ये ती स्लॉटमध्ये नीट बसतात आणि ढिम्म हलत नाहीत. तिथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० लागतं, ती पूर्ण कार्डं आहेत. एका आकड्याचा फरक, पण ऑनलाइन मागवणाऱ्या निम्म्या लोकांना तो पार्सल उघडल्यावरच कळतो.

आणि यादीतलंच जुनं कार्ड मागवायचं ठरवलंत तर विक्रेत्याकडून स्टिकरचा फोटो आधी मागवा, आकडे वाचता येतील इतका जवळून. जाहिरातीतला फोटो नव्हे, जे कार्ड तो पाठवणार आहे त्याचाच. स्टिकरवर तुमच्या कंपनीचा पार्ट क्रमांक दिसला तरच पैसे द्या. नुसतं 'इंटेल ६२०५, सर्व लॅपटॉपसाठी' असं लिहिलं असेल तर ते तुमच्या लॅपटॉपसाठी नाही असंच धरून चाला.